डाव मुलांच्याच हाती द्या

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये पहिल्यांदा विक्रीला आला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातले लेक जिनिव्हा हे तळ्याकाठचे छोटे गाव त्याचे जन्मस्थान. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. खेळाचा आराखडा अजून कच्चा होता तेव्हा गायगॅक्स यांनी तो तपासून पाहिला आपल्याच दोन मुलांवर. तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, नवशिक्यांसाठी या खेळाची सोपी आवृत्ती निघाली. ती ज्यांनी संपादित केली ते जे. एरिक होम्स पेशाने मज्जाविकारतज्ज्ञ होते आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत होते. मेंदूच्या डॉक्टरने मुलांना समजेल अशा भाषेत नियम लिहून दिलेला हा खेळ पुढे दहाएक वर्षे 'मुलांची डोकी बिघडवणारा' म्हणून बदनाम व्हावा, हा एक विचित्र योगायोग.

आता पन्नास वर्षांनी तोच खेळ आपल्याकडच्या शहरी घरांत शिरला आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुले तळघरात हा खेळ खेळत बसलेली दिसतात. ती पाहून बऱ्याच मुलांना त्याची ओळख झाली, काहींना परदेशातल्या चुलत-मावस भावंडांकडून झाली. शनिवारी दुपारी चार-पाच मुले एका खोलीत फासे आणि कागद घेऊन बसतात, दार लोटलेले असते आणि आतून 'मी तलवार काढतो', 'तुझा हात तुटला' असे काहीतरी ऐकू येते. मग पालकांपुढे प्रश्न उभा राहतो, की मोठ्या माणसाने आत जाऊन बसायला हवे का? दहा-अकरा वर्षांपुढची, एकमेकांना ओळखणारी मुले एका घरात समोरासमोर बसून खेळत असतील, तर बसू नये. बसण्याने फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो. मात्र या उत्तरातली प्रत्येक अट महत्त्वाची आहे आणि त्या अटी कशासाठी, हे समजून घ्यायला हवे.

आधी खेळ काय ते पाहू. याला पट लागतोच असे नाही. एक जण सूत्रधार होतो, इंग्रजीत त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी हे सारे आकड्यांत कागदावर लिहिलेले असते. सूत्रधार प्रसंग सांगतो, समोर दरी आहे, पूल कुजलेला आहे, पलीकडून कोणीतरी येत आहे, काय करता? मुले ठरवतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि जे पडेल ते सगळ्यांनी मानायचे. अखेर जिंकणारा-हरणारा असा कोणी नसतो. गोष्ट पुढे सरकते, पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू होते. खेळाचा मोठा भाग म्हणजे बोलणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे. एका टोळीत चार मुले असली की पूल ओलांडायचा की नाही यावर वीस मिनिटे चर्चा होते, आणि ही चर्चा हाच खेळ असतो.

मराठी घरांना हे परके वाटण्याचे कारण नाही. भातुकली हा याच जातीचा खेळ आहे. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे, तोफा आणि पायथ्याशी बाजार मांडणाऱ्या मुलांना तर याचा पूर्वजही ओळखीचा वाटेल. डंजन्स अँड ड्रॅगन्स जन्मला तोच मुळी लहान शिपायांच्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या लढाईच्या खेळांतून. किल्ल्यावर चढलेला मावळा खाली पडला की त्याला 'जखमी' धरायचे की 'मेलेला', यावर अंगणात झालेले वाद आठवले, तर फाशांची गरज का पडली असेल ते कळते.

मग भीती आली कुठून? तिचा इतिहास थोडा तपशिलात पाहण्याजोगा आहे, कारण पडद्यावरच्या, मोबाइलवरच्या प्रत्येक नव्या खेळाबाबत तीच साखळी पुन्हा दिसते.

ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला सोळा वर्षांचा एक अत्यंत हुशार विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. घरच्यांनी नेमलेल्या खासगी गुप्तहेराला समजले की हा मुलगा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. विद्यापीठाच्या इमारतींखाली वाफेच्या नळांचे बोगदे होते. खेळात रमलेला मुलगा खरोखरीच्या भुयारात हरवला असावा, असा तर्क त्याने मांडला आणि वृत्तपत्रांनी तो देशभर नेला. महिन्याभराने मुलगा शेकडो मैल दूर लुईझियाना राज्यात सापडला. हकीकत अगदी वेगळी होती. वयाने कितीतरी मोठ्या मुलांमध्ये एकटा पडलेला, अपेक्षांच्या ओझ्याखाली दबलेला आणि आधीपासून नैराश्यात असलेला तो मुलगा जीव द्यायच्या इराद्याने त्या बोगद्यात उतरला होता. खेळाचा त्यात भाग नव्हता. पुढच्याच वर्षी त्याने आयुष्य संपवले. म्हणजे त्याला नेमके काय होत होते, हे शोधण्याची वेळ आली तेव्हा सगळ्यांचे डोळे फाशांवर खिळले होते. या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे.

पण गोष्ट तर सुटली होती. १९८१ मध्ये रोना जॅफ यांची याच धर्तीवरची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी आली, १९८२ मध्ये तिच्यावर दूरचित्रपट निघाला आणि त्यात खेळामुळे भान हरपलेल्या तरुणाची भूमिका तेव्हा नवखा असलेल्या टॉम हँक्सने केली. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या एका किशोरवयीन मुलाने आत्महत्या केली. शाळेत खेळताना त्याच्या पात्राला मिळालेला शाप याला कारणीभूत आहे, असे त्याची आई पॅट्रिशिया पुलिंग यांचे म्हणणे होते. त्यांनी १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना काढली. १९८५ मध्ये सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमाने हा विषय घराघरात नेला. खेळ सैतानपूजेकडे नेतो, असे म्हणणारे धार्मिक गटही मागे नव्हते. कंपनीने १९८९ च्या आवृत्तीत राक्षस-सैतानांची प्रचलित इंग्रजी नावेच काढून टाकली आणि जागी नवी बनवलेली नावे घातली. राक्षस तेच, पाटी बदललेली! मूल गमावलेल्या आईने कारण शोधावे यात नवल नाही, तिच्याकडून संख्याशास्त्राची अपेक्षाही नाही. ती अपेक्षा पत्रकारांकडून आणि डॉक्टरांकडून होती.

संख्याशास्त्र अगदी सोपे आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत १५ ते २४ या वयोगटात दर लाखामागे वर्षाला साधारण १२ आत्महत्या होत. हा खेळ खेळणारे तीस लाख तरुण आहेत असे धरा. खेळाचा काहीही परिणाम होत नसेल, चांगला नाही आणि वाईटही नाही, तरीसुद्धा या तीस लाखांत वर्षाला सुमारे ३६० आत्महत्या व्हायला हव्यात. खेळाविरुद्धच्या प्रचारात १९८५ च्या सुमारास मांडल्या जाणाऱ्या यादीत वर्षानुवर्षांची मिळून काही डझन प्रकरणे होती. यावरून खेळ जीव वाचवतो असे म्हणणे चूक ठरेल, कारण प्रत्येक प्रकरणात मुलगा खेळत होता की नाही याची नोंद कोणी ठेवत नसते. एवढेच कळते की ती यादी काहीच सिद्ध करत नव्हती. लेखक आणि खेळकर्ते मायकल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये पुलिंग यांच्या दाव्यांची तपासणी करणारा अहवाल लिहिला, त्यात हाही मुद्दा होता. क्रिकेट खेळणारी किंवा शिकवणीला जाणारी मुलेही आत्महत्या करतात; त्यांच्या घरी बॅट सापडली म्हणून कोणी बॅटवर बोट ठेवत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी नंतर थेट मोजमापही केले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेळाचा अनुभव आणि भावनिक अस्थिरता यांचा संबंध आढळला नाही. १९९० च्या एका अभ्यासात खेळणाऱ्यांमध्ये 'आयुष्य निरर्थक आहे' ही भावना न खेळणाऱ्यांपेक्षा कमी दिसली. मात्र प्रचलित करमणुकीपासून, चारचौघांच्या आवडीनिवडींपासून आपण वेगळे आहोत ही भावना काहीशी जास्त होती. १९९८ मध्ये खेळणारे तरुण आणि इतर महाविद्यालयीन विद्यार्थी यांची तुलना झाली, तेव्हा नैराश्यात किंवा आत्महत्येच्या विचारांत फरक दिसला नाही. हे अभ्यास लहान आहेत. त्यांतले लोक बहुतांशी मोठी मुले किंवा तरुण आहेत. खेळ निवडणारी मुले मुळातच वेगळ्या स्वभावाची असू शकतात. तेव्हा खेळाला निर्दोष ठरवायला ते पुरे पडोत न पडोत, घरात पहारा बसवण्याइतके धोक्याचे काही त्यांत सापडत नाही.

हल्ली लंबक दुसऱ्या टोकाला गेला आहे. हा खेळ आता मुलांना 'सामाजिक कौशल्ये' शिकवण्यासाठी वापरला जातो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या 'गेम टू ग्रो' या संस्थेने तो स्वमग्न मुलांच्या गटांसाठी उपचाराच्या अंगाने घडवला आहे. प्रशिक्षित माणूस सूत्रधार असतो आणि कोणत्या मुलाला कुठे बोलते करायचे हे तो आखून आणतो. ज्या मुलांना त्याची गरज आहे त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. पण यातून एक गैरसमज पसरू शकतो, की फायदा हवा तर मोठे माणूस हवेच. मग छंदवर्ग निघतील, फी ठरेल, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळेल आणि आठवड्यातला उरलासुरला मोकळा तासही वेळापत्रकात जाईल. औषध म्हणून दिलेली गोष्ट आणि रोजचे जेवण यांत फरक आहे.

मोठे माणूस बसले की काय बदलते, हे पाहायला स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचे जुने काम अजून उपयोगी पडते. १९३२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी जिनिव्हा आणि न्यूशातेल भागांतल्या मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास मांडला. नियम कोणी केले, ते बदलता येतात का, असे ते मुलांना विचारत. पाच-सहा-सात वर्षांच्या मुलांना वाटे की नियम वडिलांनी, सरकारने किंवा देवाने केले आहेत आणि बदलले तर ते पापच. आणि गंमत अशी की हीच मुले प्रत्यक्ष खेळताना नियम धाब्यावर बसवत. दहा-अकराच्या पुढची मुले म्हणत, सगळे कबूल असतील तर नियम बदलता येतो. आणि तीच नियम काटेकोर पाळत. पियाजेंनी टिपलेली एक बारीक गोष्ट इथे फार मोलाची आहे. ही मुले फार तर चौदा-पंधराची होईपर्यंत गोट्या सोडून देत. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर या खेळात कोणी वडीलधारा उरत नसे. वाद झाला तर जायचे कोणाकडे? एकमेकांकडेच. नियम पटवून द्यावा लागे, ऐकून घ्यावा लागे, आणि त्यातूनच तो 'आपला' होई.

भूमिकांच्या खेळात असे वाद दर दहा मिनिटांनी येतात. 'मी दाराला कान लावला होता, मग मला चाहूल का लागली नाही?' 'तू तसे म्हणालाच नाहीस.' 'म्हणालो होतो, विचार हिला.' फासा टेबलाखाली पडला तर तो धरायचा की पुन्हा टाकायचा? चोराच्या पात्राने स्वतःच्याच सोबत्यांचे सोने चोरले, हे खेळात चालते की ही गद्दारी? ज्याचे पात्र मेले तो पुढचे दोन तास नुसता बसणार का? पुस्तकात यातल्या काहींचीच उत्तरे आहेत. शेजारी बाबा किंवा काकू बसलेले असतील तर पाचही माना त्यांच्याकडे वळतात. ते निवाडा देतात, चांगलाच देतात, आणि वाद मिटतो. मुलांच्या हाती काय आले? एक निवाडा. मोठे माणूस नसेल तर आवाज चढतो, कोणीतरी फुरंगटून बसते, 'रडीचा डाव' अशी हेटाळणी होते, पाच मिनिटे खेळ थांबतो आणि मग थांबलेला खेळ कोणालाच नको असल्याने तोड निघते. तोड वाईटही असेल. पुढच्या वेळी तीच मुले ती बदलतात. मोठ्यांना हा वेळ वाया गेलेला दिसतो. तसे ते फार मोठे चुकत नाहीत. खेळ खरेच रखडलेला असतो. पण आपला राग, दुसऱ्याची बाजू आणि सगळ्यांची सोय यांची एकाच वेळी सांगड घालण्याचा सराव मुलांना दुसरीकडे मिळतो कुठे? शाळेत बाई असतात, वर्गात सर असतात, मैदानावर प्रशिक्षक असतो.

बोस्टन कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये 'जर्नल ऑफ पेडिॲट्रिक्स'मध्ये मांडले की, गेल्या काही दशकांत मुलांच्या चिंता-नैराश्यात झालेल्या वाढीमागे त्यांच्या स्वतंत्र खेळाचे आणि फिरण्याचे आकसणे हे एक प्रमुख कारण आहे. हे सारे सहसंबंधांवर उभे आहे. याच काळात मोबाइल आले, कुटुंबे लहान झाली, परीक्षांचे ताण वाढले, म्हणून सगळे खापर एका गोष्टीवर फोडणे घाईचे होईल. (खेळावर खापर फोडणाऱ्यांना नावे ठेवल्यावर खेळाच्या अभावावर डोळे मिटून खापर फोडणे तर अधिकच वाईट दिसेल.) पण त्या मांडणीतले एक सूत्र व्यवहाराशी जुळते. आपल्या हातात काही आहे, अडचण आली तर आपण मार्ग काढू शकतो, ही जाणीव मुलांना उपदेशातून येत नाही. आणि ज्या सोसायट्यांच्या आवारात 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी आहे, तिथे ती जाणीव येण्याची जागा घरातलीच एखादी खोली असणार.

आता खरे धोके. ते राक्षसांत नाहीत, माणसांत आहेत.

पहिला धोका सूत्रधाराच्या हातातल्या सत्तेचा. या खेळात एका मुलाच्या तोंडून जग चालते. त्याने ठरवले तर एखाद्याचेच पात्र दर वेळी खड्ड्यात पडते, त्याच्याच मागे लांडगे लागतात, त्याच्या बोलण्याकडे 'ऐकू आले नाही' म्हणून दुर्लक्ष होते. विस्कॉन्सिनमधल्याच एका तुरुंगाने या खेळावर बंदी घातली होती आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. एक जण हुकूम सोडतो आणि बाकीचे मानतात, ही रचना टोळीसारखी आहे, अशी तुरुंगाधिकाऱ्यांची भीती होती. तुरुंगाचे तर्कशास्त्र घराला लावणे हास्यास्पद आहे, पण त्यातला कण खरा आहे. छळ खेळाच्या आडून झाला तर तो सिद्ध करणे कठीण असते, कारण 'अरे, गोष्टीतच तसे होते' ही सबब तयार असते. आत बसलेल्या मोठ्या माणसालाही तो दिसेल याची खात्री नाही. मुले त्याच्यासमोर सभ्य वागतात. दिसतो तो नंतर. जो मुलगा शनिवारची वाट पाहायचा तो पोट दुखते म्हणू लागतो. यावर उत्तम तोड मुलांच्या जगातच आहे, आणि ती म्हणजे सूत्रधार आळीपाळीने बदलणे. आज ज्याने लांडगे सोडले त्याला पुढच्या महिन्यात स्वतः जंगलातून जायचे आहे, हे ठाऊक असले की लांडगे बेताने येतात.

दुसरा धोका भीतीचा. मूल खरे-खोटे ओळखते म्हणजे ते घाबरत नाही, असे नाही. ब्रिटनमध्ये पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना, समोरच्या बंद खोक्यात एक प्राणी आहे अशी कल्पना करायला सांगितले. काहींना ससा, काहींना अक्राळविक्राळ प्राणी. तो खरा नाही हे मुलांना पक्के ठाऊक होते. तरी एकटे सोडल्यावर त्यांतली बरीच मुले त्या खोक्याभोवती घुटमळली, कोणी हळूच आत डोकावले. मोठ्यांचेही असेच होते, भुताचा सिनेमा पाहून आल्यावर स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना दिवा लागतोच. दहा वर्षांपुढे ही भीती पेलते, त्याआधी ती रात्री जागवते. वयाची अट घालायची ती यासाठी. नवशिक्यांच्या संचावर साधारण बारा वर्षांची शिफारस असते, ती मुख्यतः वाचनाच्या आणि आकडेमोडीच्या अंदाजाने. सोबत मोठा भाऊ-बहीण असेल तर दहा वर्षांचे मूल सहज खेळते. सात-आठ वर्षांची मुले नुसतीच असतील तर मात्र मोठ्याने सूत्रधार व्हावे आणि राक्षस थोडे बावळट ठेवावेत.

नको असलेले वर्णन थांबवण्यासाठी मोठे खेळाडू एक युक्ती वापरतात. अमेरिकेतल्या जॉन स्टॅव्रोपोलस यांनी सुचवलेले 'एक्स-कार्ड' टेबलावर ठेवतात. फुली मारलेला साधा कागद. कोणीही त्यावर बोट ठेवले की तो प्रसंग तिथेच वगळायचा, कारण विचारायचे नाही. आपल्या गल्लीतल्या मुलांकडे हे पिढ्यान्‌पिढ्या आहे, 'टाइम प्लीज'. मूठ पुढे करून हे दोन शब्द उच्चारले की राज्य असणाराही थांबतो. ते खोलीतल्या खेळातही चालते, एवढे मुलांना सांगितले तरी पुरे.

तिसरी गोष्ट ऑनलाइन खेळाची. तिथे वरचे उत्तर लागू होत नाही. डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी अनोळखी माणसांशी आवाजावर किंवा लिहून खेळला जाणारा हाच खेळ वेगळी गोष्ट आहे. पलीकडचा 'जादूगार' बारा वर्षांचा आहे की बेचाळीस, हे मुलाला कळायला मार्ग नाही, आणि पात्राच्या आडून जवळीक साधणे या खेळात फार सोपे आहे. नियम साधा ठेवावा. ज्यांना प्रत्यक्ष भेटलो आहोत त्यांच्याशीच ऑनलाइन खेळायचे. बाजारात मिळणारी सगळीच साहसे मुलांसाठी लिहिलेली नसतात, काही सरळसरळ प्रौढांसाठी असतात. खेळ विकत घेताना पुस्तक चाळणे हे पालकांचे काम आहे. चालू खेळात खांद्यावरून डोकावणे नव्हे.

आणि ज्या मुलाला आधीपासूनच काही सलते आहे, त्याचे? तो विद्यापीठातला मुलगा आठवावा. झोप उडणे किंवा फार वाढणे, खाणे सुटणे, अभ्यासात अचानक घसरण, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, मित्र तोडणे, 'मी नसतो तर बरे' अशा अर्थाचे बोलणे, ही लक्षणे खेळ असो वा नसो तितकीच गंभीर आहेत. खेळ बंद करून ती जात नाहीत. उलट, आठवड्यातून एकदा भेटणारे चार मित्र तेवढे तुटतात. अशा वेळी मुलाशी बोलावे आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे.

देखरेख नको म्हणजे बेपर्वाई हवी, असा अर्थ कोणी काढू नये. घरात मोठे माणूस असावे, दुसऱ्या खोलीत. दाराला कडी नसावी. कोण कोण येणार आणि किती वाजता उठायचे, हे आधी ठरलेले असावे. तीन तासांच्या पुढे मुले दमतात आणि भांडणे वाढतात. मध्ये एकदा पोहे किंवा सरबत आत नेऊन ठेवावे आणि लगेच बाहेर यावे. संध्याकाळी 'आज काय झाले?' असे विचारले तर मूल अर्धा तास सांगत राहते. ते ऐकणे कंटाळवाणे असते, कारण दुसऱ्याच्या साहसकथेइतके लांबणारे काही नाही. पण कोणाचे नाव पुन्हा पुन्हा येते, कोणाचे येईनासे झाले, कोणाच्या पात्राला सतत मार बसतो, हे त्यातच कळते. 'त्याला जाऊन सांगू का?' हे मात्र एकदम म्हणू नये. 'मग तू काय केलेस?' असे विचारावे.

राहता राहिले धाकटे भावंड, जे दाराशी येऊन 'मला पण' म्हणून रडते. पालक इथे हमखास मध्ये पडतात आणि मोठ्याला दटावून धाकट्याला आत बसवतात. दोघांचाही डाव नासतो. मुलांवर सोपवले तर ती आपली जुनी रीत काढतात, कच्चा लिंबू. धाकटीला टोळीतल्या कुत्र्याचे पात्र मिळते. कुत्रा मरत नाही, त्याला शाप लागत नाही, त्याने काय करायचे याला नियम नाहीत आणि दर अर्ध्या तासाने त्याच्या नावाने एकदा फासा टाकायचा असतो. ती टाकते. वीस पडले तर सगळी खोली ओरडते.